दाजींनी घातलेला घाट

आमचे दाजी कुठल्याही वाहनात बसण्याआधी त्याच्याभोवती एक चक्कर मारतात आणि प्रत्येक चाकाला एक लाथ घालतात. हवा बघायची ही त्यांची पद्धत. वाहन कुणाचं आहे, आत कोण बसलंय, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. माझ्या लग्नात फुलांनी सजवलेल्या गाडीत मी आणि नवी नवरी बसलो होतो, पुढं वाजंत्री वाजत होती, आणि खालून धप्प, धप्प असे आवाज यायला लागले. बायकोनं माझ्याकडं बघितलं. लग्नानंतर मी तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य "आमचे दाजी आहेत" हे आहे.

पुढं एकदा आक्काला ऑपरेशनला नेताना त्यांनी स्ट्रेचरच्या चाकांनाही तशीच लाथ घातली आणि वॉर्डबॉयला म्हणाले, "मागचं उजवं जड चालून राहिलंय. घाटात तरास देईल." दवाखान्यात घाट कुठून येणार, हे दाजींना विचारायचं नसतं.

दाजी म्हणजे आक्काचे, माझ्या थोरल्या बहिणीचे, यजमान, व्यंकटराव. उभी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून गेली, त्यातली बहुतेक वर्षं देगलूरला. निवृत्त झाल्यावर लातूरला घर बांधलं. अंगावरची खाकी उतरली, पण जिभेवरची काही उतरली नाही. ताट वाढलं की म्हणणार, "चला, गाडी फलाटाला लागली." पाहुणे गप्पा मारत बसले आणि उठेनात, की पाहुण्यांच्या देखत आक्काला सांगणार, "डबल बेल दे आता." आक्का पदर तोंडाला लावून आत जायची. तिला हसू यायचं की लाज वाटायची, हे मला कधी कळलं नाही. मला मात्र लाजच वाटायची. तो माझा जन्मजात आजार आहे. चारचौघांत कुणी मोठ्यानं शिंकलं तरी मी मान खाली घालतो.

आणि दाजींचं ब्रीदवाक्य होतं, "मानूस घाटात कळतो." माणूसच काय, सगळंच घाटात कळायचं. भाचीला बघायला आलेला मुलगा दिसायला चांगला, नोकरी चांगली, सगळे खूश. दाजी म्हणाले, "सरळ रस्त्याला गाडी ब्येस पळती. घाटात बघाया पाहिजे." नवा कुकर आणला तरी हेच. हे सगळं ते अधिकारानं बोलायचे, कारण नोकरीत असताना शाळांच्या सहलीच्या गाड्या घेऊन ते महाबळेश्वर, प्रतापगड, रायगड करून आलेले होते. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला, जेवणं झाल्यावर दाजींचे घाट व्हायचे. ढग खाली, गाडी वर. एका वळणावर पुढचं चाक दरीच्या काठाला, मागं साठ पोरं. आम्ही नांदेड-लातूरची सपाटीवरची माणसं. आमच्यात घाट बघितलेला माणूस म्हणजे दाजी एवढेच. आक्का भिंतीला टेकून ऐकायची. तिनं ते शंभरदा ऐकलेलं असायचं, तरी ऐकायची.

तर या दाजींनी साठी ओलांडल्यावर घाट घातला तो सायकलचा. लातूरहून निघायचं, बार्शी, अकलूज, फलटण करत वाई गाठायची, पसरणीचा घाट चढून महाबळेश्वर, पलीकडं आंबेनळीनं उतरून पोलादपूर, आणि वरंध घाटानं परत वर. सगळं सायकलवर. बरं, एकट्यानं जायचं तर गोष्ट वेगळी. आक्काला मागं बसवून जायचं. म्हणजे कॅरिअरवर नव्हे. लातूरच्या एका गेट-ग्रिल करणाऱ्याकडून त्यांनी दोन सायकली एकीला एक जोडून घेतल्या होत्या. दोन सीट, दोन हँडल, दोन जोड पायडल. त्या माणसाचा हात फाटकावर बसलेला असल्यामुळं ती सायकल कमी आणि बंगल्याचं फाटक जास्त दिसायची. रंग एसटीचा लाल. पुढं पाटी लावायची सोय.

हे मला कळलं ते फार वाईट वेळी कळलं. मी नांदेडला विम्याच्या कार्यालयात आहे. आमचे नवे साहेब एका रविवारी घरी चहाला आले होते. साहेब मितभाषी, इस्त्रीचे. बायकोनं ठेवणीतल्या कपबशा काढल्या होत्या. तेवढ्यात फाटकाशी घंटी वाजली, दोनदा. बघतो तर लाल रंगाचं ते लांबलचक प्रकरण आत येतंय. पुढं दाजी, अर्धी चड्डी, डोक्यावर हेल्मेट. मागं पंजाबी ड्रेस घातलेली, तोंडाला ओढणी गुंडाळलेली एक बाई. पाटीवर लिहिलेलं, "लातूर-नांदेड, मार्गे अहमदपूर, लोहा". बाई उतरली आणि कुणाकडंही न बघता घराला वळसा घालून मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेली. तिच्या चालण्यावरून ती आक्का आहे हे मी ओळखलं. जन्मात लुगड्याशिवाय दुसरं काही न नेसलेली माझी बहीण.

साहेबांनी विचारलं, "कोण?" मी म्हणालो, "गावाकडचे आहेत."

तोवर दाजींची साहेबांच्या गाडीभोवती चक्कर सुरू झाली होती. धप्प. धप्प. मग ते ओसरीवर आले, साहेबांना नमस्कार केला आणि गाडी घाटात नेऊ नका म्हणून बजावलं. साहेब हसले. तेव्हापासून कार्यालयात मला बघितलं की साहेब विचारतात, "काय, घाटात सगळं ठीक?" आणि बाकीचे खाली बघून हसतात.

साहेब गेल्यावर दाजींनी महाबळेश्वरचा बेत सांगितला; ही त्याच्या सरावाची फेरी होती. मी आत गेलो. आक्का मोरीजवळ पाटावर बसून गुडघ्याला तेल चोळत होती. मी म्हणालो, "आक्का, दाजींचं ठीक आहे. तुला तरी काही वाटायला पाहिजे."

"वाटतंय की," ती म्हणाली. "लई वाटतंय." आणि आणखी थोडं तेल मागितलं.

दाजी तिला बळजबरीनं नेतायत, अशी माझी खात्री झाली. पुण्याला असलेला भाचा अमोल रोज फोन करायचा. मामा, तुम्हीच पप्पांना सांगा, आईच्या गुडघ्यांचं काय होईल, कुणीतरी काढलेला त्यांचा सायकलवरचा व्हिडिओ माझ्या मित्रांनी बघितला, मला तोंड दाखवायला जागा नाही. त्याला लाज वाटण्याचा गुण मामाकडून गेलेला. दिवाळी झाल्यावर मी लातूरला गेलो, दाजींना स्पष्ट सांगायचंच असं ठरवून.

पण आमच्या घरात जावयाला नाही म्हणायची रीत नाही. मी गेलो तेव्हा बैठकीत सतरंजीवर स्वयंपाकघरातली सगळी भांडी पालथी घातलेली होती आणि दाजी मधोमध उकिडवे बसले होते. पालथं पातेलं म्हणजे पसरणी. मोठा डबा म्हणजे आंबेनळी. कुकर म्हणजे वरंध. मधून सुतळीचा रस्ता. माझ्या हातात त्यांनी सुतळीचं टोक दिलं आणि फलटणला धरून बसवलं. मी फलटणला बसूनच विषय काढला. वय, गुडघे, ट्रकची वाहतूक, लोक काय म्हणतील. दाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि पातेल्याच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले, "मेव्हणे, चढाला मानूस मरत न्हाई. उतार वाईट. उताराला ब्रेक गरम होतेत."

आतून आक्का आली. "वरंध घाट द्या इकडं," ती म्हणाली, "भात लावायचाय." आणि कुकर उचलून घेऊन गेली.

शेवटी ठरलं ते असं की जायचंच असेल तर मागून मी गाडी घेऊन यायचं. सामान गाडीत, मी गाडीत, आणि काही झालं तर जिम्मा माझा. म्हणजे थांबवायला गेलो आणि सामील होऊन आलो.

त्या प्रवासात मी जितकी लाज खाल्ली तितकी भाकरी खाल्ली नाही. पुढं ते लाल फाटक, "लातूर-महाबळेश्वर" अशी पाटी, आणि मागं पिवळे दिवे लुकलुकवत मुंगीच्या पायानं चाललेली माझी गाडी. गावागावांत लोक उभे राहून बघायचे. लोकांना वाटायचं काही प्रचार आहे, काही यात्रा आहे. एके ठिकाणी तर लोकांनी नारळ आणून दिला. ढाब्यावर मी लांबच्या बाजेवर बसायचो, ओळख नसल्यासारखा, तर दाजी तिथून हाळी द्यायचे, "मेव्हणे, गाडी फलाटाला लागली." सगळा ढाबा माझ्याकडं वळायचा. आक्का तोंडाची ओढणी न काढता खालून घास घ्यायची. येडशीजवळ बालाघाटाच्या डोंगराचा लहानसा उतार उतरताना दाजींनी आक्काला उतरवलं, स्वतः उतरले, आणि सायकल हातात धरून सगळा उतार चालत गेले. मी विचारलं तर म्हणाले, घाटातला नियम असतो. मी मान डोलावली. मला काय कळतंय घाटातलं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. वाई जवळ येऊ लागली तसे दाजी कमी बोलू लागले. फलटणच्या पुढं डोंगर दिसायला लागले, तेव्हा आक्कानं विचारलं, ह्योच का तो घाट. दाजी म्हणाले, "पुढं हाय."

वाईला मुक्काम करून सकाळी निघायचं होतं. पसरणीचा घाट गावाबाहेर पडलं की समोरच उभा राहतो. रस्ता डोंगराच्या अंगावरून वर वर जाताना दिसतो आणि त्यावरच्या गाड्या मुंग्यांसारख्या दिसतात. पायथ्याला एका टपरीवर आक्का चहा घेत बसली. दाजींनी सायकलभोवती चक्कर मारली, दोन्ही चाकांना लाथ घातली. मग पुन्हा चक्कर मारली. पुन्हा लाथ. मी गाडीत बसून बघत होतो. ते थांबेचनात. शेवटी मी उतरून जवळ गेलो. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि हवा तर चांगली गार होती.

"मेव्हणे," ते म्हणाले, "एक इनंती हाय." दाजींनी उभ्या आयुष्यात मला हुकूम सोडून काही दिलं नव्हतं. "हिला सांगा, अमोलचा फोन आल्ता. माघारी बोलावलंय म्हनून."

मी विचारलं, का.

ते सायकलच्या सीटवरची धूळ पुसत राहिले. "ह्यो घाट मी बघितलेला न्हाई."

मला वाटलं, हा नसेल, बाकीचे असतील. तसं मी म्हणालोही.

"कोनताच न्हाई," दाजी म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, माझ्याकडं न बघता, डोंगराकडं तर अजिबात न बघता. देगलूरला असताना सहलीची ड्यूटी लागली होती, महाबळेश्वरची. आक्कानं लाडू बांधून दिले. गाडी शाळेच्या दारात लावली, पोरं चढली, डबे, पिशव्या, मास्तर, सगळे बसले. आयाबाया खिडकीतून हात धरून होत्या. पोरांनी गाणी सुरू केली. "आन् मेव्हणे, माझे हात स्टेरिंगवर राहंनात," दाजी म्हणाले. "इतक्या लेकरांच्या मायबापांनी डबे बांधून देल्ते. मी कवा घाट बघितलेला न्हाई. मला वाटलं, माझ्या हातून ही गाडी जानार." त्यांनी पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या ड्रायव्हरनं गाडी नेली. ते स्वतः त्याच्या बदली जवळच्याच हणेगावच्या मुक्कामाच्या गाडीवर गेले. आक्काचे लाडू हणेगावला खाल्ले. सहलीचे दिवस संपल्यावर घरी आले, तर आक्का दारातच विचारती झाली, घाट कसा असतो हो.

"भ्यालो म्हनून कसं सांगू?" दाजी म्हणाले. "सांगितलं, ढग खाली असतेत, गाडी वर. तिचं तोंड असं झालं, मेव्हणे, जनू मी तिला संगंच नेलं होतं. मग दर हिवाळ्यात ड्यूटी बदलून घ्यायचो. आन् दर हिवाळ्यात नवा घाट सांगायचो."

लग्नात, बारशात, पंगतीनंतर ऐकलेले सगळे घाट माझ्या डोळ्यांपुढून गेले. इतकी वर्षं मला दाजींची लाज वाटत होती, पण दाजींनाही लाज वाटत असेल हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मी म्हणालो, सांगतो आक्काला. आणि टपरीकडं निघालो.

आक्कानं चहाची बशी खाली ठेवली. मी अमोलच्या फोनचं सांगितलं. मला खोटं नीट बोलता येत नाही. तिनं मला पूर्ण बोलू दिलं.

"त्यांनी सांगायला लावलं ना," ती म्हणाली.

मी मान खाली घातली.

"हणेगावच्या गाडीवरचा कंडक्टर देगलूरात आमच्याच गल्लीत राहायचा. ह्ये महाबळेश्वरला गेलेत म्हनून मी घरात बसलेली, आन् त्याची बायको मला सांगत आली, तुमचे ह्ये पोरं गानी म्हनाया लागताच भिऊन उतरले, आन् आमच्या ह्यांच्यासंगं हणेगावला हायत म्हनून. गाडीत ड्रायव्हर एकटा नसतो, हे बिचाऱ्यांच्या ध्यानातच आलं न्हाई."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी विचारलं, मग तू कधी बोलली कशी नाहीस.

"काय बोलू? किती गोड सांगायचे." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "इतकं खोटं माझ्यासाठी दुसरं कोन बोलनार हाय?"

मग तिच्याकडून कळलं की ही सगळी टूर दाजींची नव्हतीच. तिनंच काढली होती. निवृत्त झाल्यापासून दाजी लोकांना घाट सांगायचे आणि घरी आल्यावर उगीच गप्प बसायचे. तिला ते बघवेना. तुम्ही एकदा घाट बघून या, असं म्हटलं असतं तर ते शरमेनं मेले असते. म्हणून ती म्हणाली, मला बघायचाय, मला न्या. दाजींनी किती तरी दिवस टाळलं. शेवटी तीच म्हणाली, सायकलवर जाऊ.

"सायकलवर का पण?" मी म्हणालो. आम्हा सगळ्यांच्या नाकाला झोंबलेली तीच तर गोष्ट होती.

"सायकल हळू जाती. भ्या वाटलं की पाय टेकायचा." ती उठली. "आन् मागं मीच एकटी. मला गानं बी येत न्हाई."

जाताना तिनं माझा दंड धरला. "मला म्हाईत हाय हे त्यांना सांगू नको. शरम वाटंल." पाचच मिनिटांपूर्वी दाजींनीही माझा दंड असाच धरून हेच म्हटलं होतं, तिला कळू देऊ नका.

मी टपरीपाशीच उभा राहिलो. आक्का सायकलजवळ गेली आणि दाजींना म्हणाली की तिला या डोंगराची लई भीती वाटायला लागलीय, वर बसून जायचं धाडस होत नाही, तर सायकल हातात धरून चालत चालत गेलं तर चालेल का. दाजींनी तिच्याकडं बघितलं. मग डोंगराकडं बघितलं, त्या सकाळी पहिल्यांदाच.

"भ्यायचं कामून?" ते म्हणाले. "मी हाय ना."

आणि ते निघाले. दाजी रस्त्याच्या बाजूला, सायकल मधे, आक्का डोंगराच्या बाजूला. मागं मी, पिवळे दिवे लावून. पर्यटकांच्या गाड्या हॉर्न वाजवत बाजूनं जायच्या, खिडक्यांतून मोबाइल बाहेर यायचे. सवयीनं माझी मान खाली जायची, आणि खाली गेलेल्या मानेचीच मला लाज वाटायची. मग वर करायचो. एका वळणावर सहलीची बस वरून उतरत आली, पोरं ओरडत होती. दाजींनी सायकल डोंगराला टेकवली, आक्काला आतल्या अंगाला केलं आणि बस जाईपर्यंत तिच्यापुढं हात आडवा धरून उभे राहिले. आक्कानं तो हात तिथून काढला नाही.

ठरवलेल्या घाटांपैकी आमचा एवढा एकच झाला, तोही बराचसा चालत. पाचगणीहून परत येताना ती सायकल माझ्या गाडीच्या टपावर बांधलेली होती आणि दाजी पुढच्या सीटवर डोळे गच्च मिटून बसले होते, उतार संपेपर्यंत. पण ते नंतरचं.

घाट अर्धा झाल्यावर एक मोकळी जागा लागते. तिथं ते दोघं थांबले. मीही थोडं मागं गाडी उभी केली. खाली वाई दिसत होती, शेतांचे चौकोन, नदी, लांब धरणाचं पाणी. ढग नव्हते. स्वच्छ ऊन होतं. दाजी कठड्याशी गेले, आणि हेल्मेट काढून हातात घेऊन नुसते उभे राहिले.

आक्कानं विचारलं, "तुम्ही सांगायचात तसाच हाय का हो?"

दाजींनी हेल्मेट सायकलच्या हँडलला अडकवलं. मग म्हणाले, "न्हाई."

आक्कानं त्यांच्याकडं बघितलं.

"मी सांगायचो त्याच्यापेक्षा ब्येस हाय," दाजी म्हणाले. "सुमन, मी तुला एक..."

तिनं कठड्यावरची जागा ओढणीनं झाडली आणि त्यांना बसायला सांगितलं. ते बसले. ती त्यांच्या शेजारी बसली. दाजी बोलू लागले. पुढचं मी ऐकलं नाही. मी गाडीच्या काचा वर करून घेतल्या.